पाण्याच्या धारेवरचे ठाणे : अपाची खिंड आणि फोर्ट बूई

अॅरिझोनात मुलीकडे तीन महिने राहून परतल्याला आता पंधरा दिवस झाले. त्या मुक्कामात ग्रँड कॅन्यन पाहिली, सेडोनाचे लाल डोंगर पाहिले. त्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहावेसे वाटते ते त्या राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात डोंगरांच्या बेचक्यात पडून असलेल्या एका ओसाड ठाण्याविषयी. अमेरिकी सैन्याने १८६२ मध्ये ते वसवले, बत्तीस वर्षे तेथे घोडी बांधली आणि १८९४ मध्ये ते सोडून दिले. सह्याद्रीतले गड पाहताना वर पोहोचलो की आधी टाके कुठे आहे ते पाहायचे, ही माझी चाळीस वर्षांची सवय आहे, कारण पाणी कळले की गड तेथे का आहे हे कळते. फोर्ट बूईविषयी वाचताना प्रत्येक पानावर एका झऱ्याचा उल्लेख येत होता, म्हणून तेथे जाण्याची ओढ लागली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी, जावई, पत्नी आणि मी असे चौघे तीन दिवसांसाठी निघालो.

दिवस पहिला : ड्रॅगून डोंगर

चँडलरहून सकाळी सहाला निघालो. विलकॉक्स हे मुक्कामाचे गाव तेथून सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. टूसॉन मागे पडून बेन्सन ओलांडले की महामार्ग टेक्सस कॅन्यन नावाच्या भागातून जातो, आणि दोन्ही बाजूंना एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसू लागतात. येथे दक्षिणेला दिसणाऱ्या डोंगररांगेचे नाव ड्रॅगून. ड्रॅगून म्हणजे घोड्यावरून जाणारे आणि गरज पडल्यास पायउतार होऊन लढणारे सैनिक. घोडदळाची खूण या प्रदेशाच्या नकाशात अशी ठिकठिकाणी उमटलेली आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध ते घोडदळ लढले त्यांचीही, कारण या जिल्ह्याचे नाव कोचीस आहे.

कोचीस हा या प्रदेशातल्या मूळ रहिवासी चिरिकावा अपाची लोकांचा पुढारी. ड्रॅगून डोंगरातील ज्या दुर्गम घळीत तो आपल्या लोकांसह राहत असे, तिला आज कोचीस स्ट्राँगहोल्ड म्हणतात. कच्च्या रस्त्याने, दोन ओढे ओलांडून आम्ही तेथे पोहोचलो. उंच सुळके, त्यांच्या पायथ्याशी ओक आणि ज्युनिपरची दाट झाडी, आणि वाहत्या ओढ्याचा आवाज. तेथे तंबू टाकून राहिलेले एक वृद्ध जोडपे भेटले. पक्षी पाहण्यासाठी ते दर हिवाळ्यात येतात. आम्ही गडांची आवड म्हणून आलो आहोत असे सांगितल्यावर त्या आजोबांनी आम्हांला थोडे वर नेले आणि एका कातळावर बसवून समोरचे सपाट खोरे दाखवले. तीस-चाळीस किलोमीटर दूरच्या वाटेवर उडणारी धूळ तेथून सहज दिसावी. टेहळणीच्या बुरुजासाठी कोणाही गडकऱ्याने हीच जागा निवडली असती.

कोचीस आणि अमेरिकी सैन्य यांच्यात अकरा वर्षे चाललेले युद्ध १८७२ मध्ये याच डोंगररांगेत थांबले. गृहयुद्धात उजवा हात गमावलेले जनरल ऑलिव्हर हॉवर्ड जवळजवळ निःशस्त्र येथे आले. त्यांना घेऊन आला तो टॉम जेफर्ड्स, कोचीसचा विश्वास मिळवलेला गोरा माणूस. तहात कोचीसच्या लोकांना त्यांच्याच डोंगरांत राखीव प्रदेश मिळाला आणि जेफर्ड्स तेथे सरकारचा प्रतिनिधी नेमला गेला. ८ जून १८७४ रोजी कोचीस वारला. त्याला याच डोंगरांत कुठेतरी पुरले. गोऱ्यांपैकी ती जागा एकट्या जेफर्ड्सला ठाऊक होती आणि मरेपर्यंत त्याने ती कोणालाही सांगितली नाही.

येथे येणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की पाऊस पडून गेला असेल तर ओढ्यांतून साधी मोटार घालू नये, आणि डबा बरोबर न्यावा. आमच्याकडे पत्नीने केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचे लोणचे होते. रात्री विलकॉक्सला एका छोट्या मेक्सिकन खाणावळीत घेवड्याचे सारण भरलेले बरिटो खाल्ले. त्याची पोळी इतकी मोठी आणि पातळ होती की पत्नीला माहेरचे खापरावरचे मांडे आठवले. वाढणाऱ्या बाईंना ते कळल्यावर त्यांनी आम्हांला आत बोलावले आणि गोळा दोन्ही हातांवर फिरवत, झुलवत ती पोळी कोपरापर्यंत कशी वाढवतात ते दाखवले. खानदेशात मांडा अगदी असाच हातावर वाढवतात. दोघी एकमेकींचे हात पाहत बराच वेळ उभ्या होत्या. भाषेची अडचण दोघींनाही जाणवली नाही.

दिवस दुसरा : अपाची खिंड

रात्रभर पाऊस पडला. पहाटे चिरिकावा डोंगरांच्या माथ्यावर पांढरी रेघ दिसली, वर बर्फ पडला होता. खिंडीकडे जाणारा शेवटचा टप्पा मातीचा असल्यामुळे जावयांनी दोन तास थांबण्याचा निर्णय घेतला आणि तो योग्य ठरला. दहाच्या सुमारास आम्ही पायवाटेच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा चिखल आळला होता.

फोर्ट बूईचा विशेष म्हणजे गाडी थेट अवशेषांपाशी जात नाही. सुमारे २.४ किलोमीटर चालत जावे लागते. ज्यांना चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या बाजूने सोय होते, मात्र आधी दूरध्वनी करून विचारावे लागते. प्रवेशशुल्क नाही. ठिकाण सुमारे १,५०० मीटर उंचीवर असल्याने हिवाळ्यात वारा बोचतो. उन्हाळ्यात उन्हाबरोबर विषारी सापांचीही काळजी घ्यावी लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारच्या वादळी पावसात कोरडे ओढे अचानक भरून वाहतात. माहिती केंद्राचे दिवस आणि वेळा आधी पाहून घ्याव्यात, कारण ते रोज उघडे असतेच असे नाही. खाण्याचे काहीही मिळत नाही.

वाट गवताळ उतारावरून, मेस्कीटच्या काटेरी झुडपांतून जाते. मधूनमधून आपल्याकडे बांधावर लावतात तसे घायपात दिसते. अपाची लोक त्याचा गाभा खड्ड्यात भाजून खात. खिंडीच्या उत्तरेला डोस कबेसास डोंगर आहेत आणि दक्षिणेला चिरिकावा. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या माणसाला या दोहोंमधून वाट होती, आणि शेकडो किलोमीटर कोरड्या मुलखात भरवशाचे पाणीही या वाटेवरच होते. स्पॅनिश लोक हिला पुएर्तो देल दादो, म्हणजे फाशाची खिंड म्हणत.

पहिला मोठा थांबा येतो तो टपालगाडीच्या स्थानकाचा. १८५८ मध्ये बटरफील्ड कंपनीची टपालगाडी सेंट लुइसहून सॅन फ्रान्सिस्कोकडे आठवड्यातून दोनदा धावू लागली. सुमारे साडेचार हजार किलोमीटरचे हे अंतर २५ दिवसांत कापायचे होते, म्हणून वाटेत ठिकठिकाणी ताजी जनावरे आणि पाणी लागे. खिंडीत दगडी स्थानक उभे राहिले. आज तेथे गुडघ्याएवढा दगडांचा चौथरा उरला आहे. सुरुवातीला कोचीसचे लोक या स्थानकाला जळाऊ लाकूड पुरवीत. तीन वर्षे दोघेही एकाच झऱ्याचे पाणी पीत होते.

हे बिघडले ते १८६१ च्या फेब्रुवारीत. पश्चिमेकडील एका शेतावरून जनावरे आणि एक मुलगा पळवला गेला होता. लेफ्टनंट जॉर्ज बॅस्कम सुमारे पन्नास पायदळ सैनिकांसह खिंडीत आला आणि त्याने कोचीसला भेटायला बोलावले. कोचीस भाऊ, बायको, मुले यांना बरोबर घेऊन आला, म्हणजे त्याच्या मनात लढाई नव्हती. मुलगा आपल्याकडे नाही, दुसऱ्या टोळीने नेला असावा, शोधून देतो, असे त्याने सांगितले. बॅस्कमने त्याला अटकेत घेत असल्याचे सांगताच कोचीसने सुरीने तंबूची कनात फाडली आणि तो डोंगरात निसटला. त्याची माणसे मात्र आत राहिली. पुढे कोचीसने टपालाच्या नोकराला आणि काही प्रवाशांना पकडले, अदलाबदलीची बोलणी फिसकटली, त्याने आपले बंदी मारले आणि सैन्याने कोचीसचा भाऊ व दोन पुतणे यांच्यासह सहा अपाचींना फाशी दिले. अपाची लोकांच्या स्मरणात हा प्रसंग ‘तंबू फाडला’ एवढ्याच शब्दांत राहिला आहे. मला तरुण अधिकाऱ्याच्या उतावळेपणापेक्षा एक गोष्ट अधिक टोचते. कोचीस खरे बोलत होता. त्या मुलाला खरोखरच दुसऱ्या अपाचींनी नेले होते. तो जिवंत राहिला, मोठा झाला आणि मिकी फ्री या नावाने त्याच सैन्यात वाटाड्या व दुभाषी झाला.

पुढे स्मशानभूमी लागते. ठाणे सोडल्यानंतर बहुतेक सैनिकांचे अवशेष सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी दफनभूमीत हलवले गेले, तरी लाकडी कुंपणाच्या आत काही फळ्या आजही उभ्या आहेत. एका लहान पांढऱ्या फळीवर काळ्या अक्षरांत ‘लिटल रोब’ असे नाव आहे, खाली जेरॉनिमोचा मुलगा, मृत्यू १० सप्टेंबर १८८५, वय २ वर्षे. जेरॉनिमो हा कोचीसनंतरच्या काळातला चिरिकावांचा लढवय्या पुढारी. बाप डोंगरात लढत होता आणि हे मूल कैदेत असताना गेले. रात्रीच्या पावसाचे थेंब अजून त्या अक्षरांवर होते. पत्नीने ओढणीच्या टोकाने ते टिपले आणि आम्ही पुढे निघालो.

नंतर झाडी दाट होते, हवा गार लागते, आणि वाट झऱ्यापाशी येते. दोन खडकांच्या सांध्यातून, शेवाळलेल्या दगडाच्या कडेने पाणी येत होते. माझ्या अंगठ्याएवढी जाड धार, तीही आदल्या रात्री पाऊस झाला होता म्हणून असावी. खाली परातीएवढे डबके, त्याच्या तळाशी ओकची पाने आणि काठच्या ओल्या वाळूत हरणांच्या खुरांचे ताजे ठसे. ते पाणी पिण्यासाठी नाही, म्हणून मी बोटे बुडवून पाहिली. बर्फासारखे थंड होते. एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. या धारेपुढे उभे राहून ठाण्यातल्या शंभर घोड्यांचा हिशेब मनात केला, तेव्हा येथे एवढे रक्त का सांडले असेल ते समजले.

१५ जुलै १८६२ रोजी कॅप्टन टॉमस रॉबर्ट्सची कॅलिफोर्नियाहून आलेली तुकडी ड्रॅगूनच्या झऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर चालून, तहानेने व्याकूळ होऊन टपालस्थानकापाशी पोहोचली. झरा जेमतेम काही शे पावलांवर होता, पण त्याच्या दोन्ही अंगांच्या टेकड्यांवर कोचीस आणि अपाचींचा दुसरा पुढारी मांगास कोलोराडास यांची माणसे दगडांच्या आडोशाने बसली होती. सैन्याजवळ डोंगरी लढाईसाठी बनवलेल्या दोन लहान तोफा होत्या. तोफगोळे वरच फुटू लागले तेव्हा टेकड्या मोकळ्या झाल्या आणि सैनिकांना पाणी मिळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यासाठी तसेच लढावे लागले. मागून मुख्य सैन्य घेऊन येणाऱ्या जनरल जेम्स कार्लटनने यातून एकच निष्कर्ष काढला आणि झऱ्यावर नजर राहील असे ठाणे बांधण्याचा हुकूम दिला. दोन आठवड्यांच्या आत काम सुरू झाले. कर्नल जॉर्ज बूई याच्या नावावरून त्याला फोर्ट बूई म्हणू लागले.

हे पहिले ठाणे झऱ्यावरच्या टेकडीवर आहे. एका फाट्याने वर गेल्यास रचलेल्या दगडांचे आडोसे आणि खोपटांचे पाये दिसतात. १८६८ मध्ये शेजारच्या प्रशस्त पठारावर दुसरे, मोठे ठाणे बांधले गेले, आणि आज आपण पाहतो ते मुख्यतः हेच. तट, बुरूज, दरवाजा यांपैकी काहीही नाही. मधोमध उतरते कवायतीचे मैदान, त्याच्या कडेने सैनिकांच्या बराकी, अधिकाऱ्यांची घरे, रुग्णालय, दुकान, तबेले. मैदानात निशाणकाठी उभी आहे आणि तिच्याभोवती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, खांद्याएवढ्या, कुठे कंबरेएवढ्या भिंती आहेत.

धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाला या भिंती अनोळखी वाटत नाहीत. छप्पर गेले की मातीची भिंत पावसागणिक वितळत जाते. येथे तर १८९४ नंतर आसपासच्या लोकांनी वासे, दारे, खिडक्या, पत्रे काढून नेले आणि पुढची कामगिरी पावसाने केली. आता उरलेल्या भिंतींवर चुन्याचा पातळ गिलावा दिलेला असतो. माहिती केंद्रात असलेल्या बाईंनी सांगितले की हा गिलावा पावसाने धुपतो आणि पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. एका बराकीच्या कोपऱ्यावर गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा रात्रीच्या पावसात सुटला होता, आत मूळची वीट दिसत होती आणि तिच्यात गवताची एक काडी स्पष्ट होती. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी चिखल तुडवताना ती घातली होती.

तबेल्यांच्या जागेवर मी बराच वेळ घालवला. सैन्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक घोड्याला रोज सुमारे साडेसहा किलो वैरण आणि साडेपाच किलो दाणा लागे. एवढे धान्य या डोंगरात पिकत नाही. ते सगळे बैलगाड्यांनी आणि खेचरगाड्यांनी येई. १८८० मध्ये उत्तरेला एकवीस किलोमीटरवर रेल्वे आली तेव्हा कुठे ही ओढाताण थांबली. महिना १३ डॉलर पगाराच्या साध्या शिपायाचा दिवस घोड्याला खरारा करणे, पाणी दाखवणे, लीद काढणे, भिंती दुरुस्त करणे आणि लाकूड फोडणे यांतच जाई. चित्रपटांत दिसणाऱ्या घोडदळापेक्षा हे कंटाळवाणे, कष्टाचे जिणे मला अधिक खरे आणि जवळचे वाटले.

कोचीसला दिलेला राखीव प्रदेश त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत, १८७६ मध्ये रद्द झाला आणि चिरिकावांना उत्तरेकडे सान कार्लोसला हलवण्याचा हुकूम निघाला. सरकारी प्रतिनिधीच्या कचेरीचा चौथरा पायवाटेवरच लागतो. तेथून पुढची दहा वर्षे जेरॉनिमोची. त्याचे मूळ नाव गोयाथले. १८८६ मध्ये जनरल नेल्सन माइल्सने या डोंगरांच्या माथ्यांवर आरसे बसवून सूर्यप्रकाशाने संदेश पाठवण्याची साखळी उभारली. ठाण्यामागच्या शिखरावरही एक ठिकाण होते. सुमारे ५,००० सैनिक अडतीस माणसांच्या मागे होते, आणि त्या अडतिसांत बायका-मुलेही होती. शेवटी लेफ्टनंट चार्ल्स गेटवुड आणि मार्टिन व कायिता हे दोन अपाची वाटाडे जेरॉनिमोपर्यंत पोहोचले, आणि ४ सप्टेंबर रोजी त्याने स्केलेटन कॅन्यनमध्ये शस्त्रे ठेवली.

८ सप्टेंबर १८८६ च्या सकाळी या कवायतीच्या मैदानावरून कैद्यांना गाड्यांत बसवून रेल्वेकडे नेले, तेव्हा सैन्याच्या बँडने निरोपाची जुनी स्कॉटिश धून वाजवली. पाठवलेल्यांत जेरॉनिमोची माणसे होतीच. पण कधीही बंड न केलेले चिरिकावाही फ्लोरिडाला पाठवले गेले, आणि ज्या मार्टिन आणि कायिताने सैन्याचे काम केले त्यांनाही त्याच कैदेत टाकले. आधी फ्लोरिडा, मग अलाबामा, मग ओक्लाहोमा अशी ही कैद सत्तावीस वर्षे चालली. जेरॉनिमो १९०९ मध्ये कैदेतच मेला. ज्यांच्यावर नजर ठेवायची ती माणसेच उरली नाहीत, तेव्हा ठाणे ठेवण्याचे कारणही संपले, आणि १७ ऑक्टोबर १८९४ रोजी शेवटचे घोडेस्वार निघून गेले.

परतताना कड्यावरून जाणारी दुसरी वाट घ्यावी. चढ थोडा आहे, पण वरून पूर्ण ठाणे, झऱ्याची हिरवी रेघ आणि टपालवाट एकाच नजरेत येतात.

दिवस तिसरा : शेकोटीचे दगड आणि रेल्वे

पहाटे विलकॉक्सच्या दक्षिणेला उथळ पाण्यात उतरलेले क्रौंच पक्षी पाहिले. हजारोंच्या संख्येने ते एकदम उठले तेव्हा थंडीने गारठलेली मुलगी हातमोजे काढून टाळ्या वाजवू लागली. हे पाहायचे असेल तर सूर्योदयापूर्वी पोहोचावे.

मग चिरिकावा राष्ट्रीय स्मारकात गेलो. ज्वालामुखीच्या राखेतून घडलेले उभे सुळके पाहायला लोक तेथे येतात. वरचा रस्ता बर्फामुळे बंद होता, पण मला पायथ्याच्या फारअवे रँच या घरात रस होता. घर ठरावीक वेळीच उघडते आणि आम्ही वेळेवर पोहोचलो होतो. १८८५-८६ मध्ये दहाव्या घोडदळाच्या कृष्णवर्णी सैनिकांनी या खोऱ्यात तळ ठोकला होता. पाण्याची राखण हेच त्यांचेही काम होते. मोकळ्या वेळात त्यांनी हत्या झालेले राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या स्मरणार्थ दगडी स्मारक रचले आणि दगडांवर आपापली नावे कोरली. ते पुढे ढासळू लागले, तेव्हा १९२० च्या दशकात घरमालकांनी त्याच दगडांची दिवाणखान्यात शेकोटी बांधली. नावे आजही वाचता येतात. एका अक्षराची छिन्नी घसरलेली आहे आणि शेजारी ते अक्षर पुन्हा, अधिक खोल कोरलेले आहे. गुलामगिरी संपून वीस वर्षे झालेल्या त्या माणसांना आपले नाव नीट उमटावे याची किती काळजी होती, ते त्या एका दुरुस्तीत दिसते.

रस्ता आता पूर्ण सुकला होता, म्हणून परतताना अपाची खिंडीतूनच उत्तरेला उतरलो. कैद्यांच्या गाड्या याच दिशेने गेल्या होत्या. बूई हे गाव अगदी लहान आहे. भोवती पेकन आणि पिस्त्याच्या बागा आहेत. एका दुकानातून दोन पिशव्या पेकन घेतले. दुकानदार आजींनी मूठभर भाजलेले दाणे तसेच पत्नीच्या हातात ठेवले, आणि आम्ही ठाण्यावरून आलो हे कळताच सर्वात आधी विचारले, “झऱ्याला पाणी होते का?” होते, असे सांगितल्यावर त्यांना बरे वाटले.

रुळांपाशी थांबलो तेव्हा पश्चिमेकडून एक मालगाडी आली. जावयांनी डबे मोजायला सुरुवात केली आणि शंभरानंतर सोडून दिली. गाडी सान सिमोनच्या दिशेने, पूर्वेला, नाहीशी होईपर्यंत आम्ही तेथेच उभे होतो.